हप्ता जातो कोठे आणि क्लेम अडतो कोठे? वाचकांचे विमाविषयक प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ठाणे आणि नवी मुंबईतून आली आहेत, आणि त्यांतील विषय वेगवेगळे असले तरी तक्रारीचा सूर एकच आहे. हप्ता घेताना गोड बोलणारी कंपनी पैसे देताना अटी दाखवते, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखकाने सर्वसाधारण विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर स्वतःचे दोन क्लेमही काउंटरच्या अलीकडे उभे राहून मांडले. त्यामुळे ही तक्रार पूर्ण खरी किंवा पूर्ण खोटी मानता येत नाही. कंपनीचे काम आतून कसे चालते, हे कळले की कोणती अट निमूटपणे मान्य करायची आणि कोणत्या कपातीवर भांडायचे, हे ठरवणे सोपे जाते. निवडक प्रश्नांची उत्तरे त्याच अंगाने देत आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून नौपाड्यात राहते. गेली २२ वर्षे आम्ही उभयता आरोग्य विम्याचा हप्ता न चुकता भरत आहोत आणि देवदयेने एकदाही क्लेम करावा लागलेला नाही. असे असताना यंदाही हप्ता वाढूनच आला. आम्ही भरलेले पैसे गेले कोठे, आणि क्लेम न करणाऱ्यांना ही शिक्षा कशासाठी?

उत्तर : बाई, आपल्या ओळखीच्या भिशीपासून सुरुवात करू. भिशीत बारा जणी दरमहा हजार रुपये काढतात आणि पाळीपाळीने प्रत्येकीच्या हाती बारा हजार येतात. म्हणजे जिचे पैसे तिलाच परत मिळतात, फक्त कोणाला आधी आणि कोणाला नंतर. विमा हीसुद्धा एक भिशीच आहे, पण तिच्यात चिठ्ठी आजारपणाच्या नावाने निघते. ज्याच्या घरी आजारपण आले त्यालाच पैसे मिळतात आणि बाकीच्यांचे त्या वर्षाचे पैसे त्या वर्षीच खर्ची पडतात. आरोग्य विम्यात आपल्या नावाने कोणतीही रक्कम साठत नाही. बचतीच्या आयुर्विमा पॉलिसीत हप्त्याचा एक भाग साठतो, त्यामुळे आरोग्य विम्यातही तसेच होत असावे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज झाला आहे.

आकड्यांत सांगायचे तर समजा, एका मोठ्या गृहसंकुलात एक हजार कुटुंबे आहेत आणि अनुभवावरून असे दिसते की दरवर्षी त्यांतील साठ कुटुंबांत कोणाला तरी रुग्णालयात दाखल करावे लागते. प्रत्येक वेळी सरासरी दीड लाख रुपये बिल झाले, तर वर्षाचा खर्च नव्वद लाख होतो आणि तो हजार कुटुंबांवर वाटला की प्रत्येकी नऊ हजार येतात. त्यावर एजंटाचे कमिशन, कार्यालयाचा व कर्मचाऱ्यांचा खर्च, बिले तपासणाऱ्या टीपीएचे शुल्क आणि वाईट वर्षासाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून तीन हजार धरले, तर हप्ता बारा हजार होतो. आता आजारी पडणारी कुटुंबे साठच राहिली, पण रुग्णालयांचे दर एका वर्षात दहा टक्क्यांनी वाढले, तर एकही माणूस जास्त आजारी न पडता नऊ हजारांचे नऊ हजार नऊशे होतात. शिवाय हप्ता वाढला म्हणून तरुण, धडधाकट कुटुंबे बाहेर पडली, तर उरलेल्यांत आजारी माणसांचे प्रमाण वाढते आणि पुढचा हप्ता आणखी चढतो. वयाचे टप्पे हे तिसरे कारण. साठी-पासष्टीच्या वळणावर हप्ता एकदम उडी घेतो, कारण त्या वयोगटाचा खर्चही तशीच उडी घेतो.

हा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञांना अ‍ॅक्च्युअरी म्हणतात आणि त्यांची वैधानिक संस्था, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया, आपल्या नेरूळमध्ये, सीवूड्स स्थानकावरच्या संकुलात आहे. पंचेचाळिशीच्या हजार विमाधारकांपैकी वर्षभरात सरासरी किती दगावतात, याचे देशव्यापी तक्ते असतात. आयुर्विम्यात सध्या वापरला जाणारा तक्ता २०१२ ते २०१४ या काळातील भारतीय विमाधारकांच्या अनुभवावर बेतलेला आहे. या शास्त्रालाही पूर्वग्रहाची बाधा होत असे. एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या कंपन्या भारतीयांच्या आयुष्याचा विमा उतरवताना जादा हप्ता लावत, आणि १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने तो भेद मोडून भारतीयांना सामान्य दराने विमा दिला.

कंपनीचा नफा हा आपल्या प्रश्नातील न विचारलेला भाग आहे. आपल्या देशात अनेक सर्वसाधारण विमा कंपन्यांचे क्लेम आणि खर्च मिळून गोळा झालेल्या हप्त्यापेक्षाही जास्त भरतात. हप्ता हाती आल्यापासून क्लेम देईपर्यंत तो पैसा रोख्यांत गुंतवलेला असतो आणि त्या उत्पन्नातून ही तूट भरून निघते. कोणत्याही कंपनीची देण्याची ऐपत नियामकाने ठरवून दिलेल्या गरजेच्या किमान दीडपट राहिली पाहिजे, असे बंधनही आहे.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने असा आदेश काढला आहे की ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी नियामकाशी विचारविनिमय केला पाहिजे. त्यामुळे वाढ किती टक्के आहे हे प्रथम काढावे. हे काढताना एक गफलत होऊ शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे. म्हणून त्याआधीच्या पावतीवरील एकूण रक्कम धरू नये, करपूर्व रकमेशी नवा हप्ता ताडून पाहावा. दुसरे म्हणजे क्लेम न केल्याबद्दल बहुतेक पॉलिसींत विमा रक्कम बोनसने वाढत जाते. आपल्या ताज्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर तो बोनस नोंदलेला आहे का, हे जरूर पाहावे, कारण कंपनीची योजना बदलताना तो गळून पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आणि तिसरे, कंपनी बदलायचीच असेल तर नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी नव्या कंपनीकडे पोर्टिंगचा अर्ज करावा, म्हणजे आपण पूर्ण केलेले प्रतीक्षाकाळ, म्हणजे आधीपासूनच्या आजारांसाठी क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, वाया जात नाहीत. मात्र नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, म्हणून तिची लेखी स्वीकृती येईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये.

प्रश्न : कोपरखैरणे येथे राहतो. पत्नीची शस्त्रक्रिया वाशीतील खासगी रुग्णालयात झाली. पाच लाखांची पॉलिसी असताना २,५२,००० रुपयांच्या बिलापैकी फक्त १,५७,५०० रुपये मंजूर झाले. टीपीएकडे विचारले तर ‘रूम रेंटमुळे कपात’ एवढेच उत्तर मिळाले. खोलीचे जादा पैसे आम्ही भरायला तयार होतो. मग शस्त्रक्रियेचे पैसे का कापले?

उत्तर : आपण बिलाची आणि पॉलिसीची प्रत पाठवली हे फार चांगले केले, कारण या प्रकरणात कंपनीचे अर्धे बरोबर आहे आणि अर्धे चूक. आपल्या पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत मर्यादित आहे. आपण ८,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली. अशा वेळी कपात फक्त खोलीभाड्यावर थांबत नाही. आपल्याकडील बहुसंख्य मोठ्या रुग्णालयांत शल्यचिकित्सकाची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क हे सर्व खोलीच्या दर्जानुसार ठरते. तीच शस्त्रक्रिया, तेच डॉक्टर, तेच टेबल, तरी स्वतंत्र खोलीतील रुग्णाला सामायिक खोलीतील रुग्णापेक्षा अधिक आकारणी होते. म्हणून कंपनी असे म्हणते की आपण पाच हजारांच्या खोलीत असता तर जेवढे शुल्क लागले असते तेवढेच ती देईल, आणि त्यासाठी पाचाला आठाने भागून त्या प्रमाणात बिल कमी करते. पॉलिसीत हे कलम असेल तर ते लागू होते, आणि आपल्या पॉलिसीत ते आहे.

परंतु हे प्रमाण सरसकट लावता येत नाही. विमा नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की औषधे व वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांच्या खर्चावर प्रमाणशीर कपात करता येणार नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कावरही ती चालत नाही. सरळ आहे, रक्ततपासणीचा किंवा गोळीचा दर खोलीवर अवलंबून नसतो. आता आपले बिल मांडू. खोलीभाडे ३२,००० पैकी २०,००० देय. शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ १,२०,००० अधिक शस्त्रक्रियागृह ४०,०००, मिळून १,६०,०००, त्याचे पाच अष्टमांश म्हणजे १,००,०००. औषधे ४५,००० आणि तपासण्या १५,०००, हे ६०,००० पूर्ण देय. एकूण १,८०,००० रुपये होतात. आपल्याला १,५७,५०० मिळाले, म्हणजे टीपीएने संपूर्ण २,५२,००० वरच पाच अष्टमांश लावले आहेत. फरक २२,५०० रुपयांचा असून औषधांच्या यादीत हातमोज्यांसारख्या अदेय वस्तू असतील तर त्यांचे किरकोळ पैसे वजा होतील. बाकी रक्कम आपली आहे.

येथे टीपीए म्हणजे कोण, हे समजून घ्यावे. ही बिले तपासणारी आणि रुग्णालयाशी पत्रव्यवहार करणारी मध्यस्थ संस्था असते. पैसे तिचे नसतात, आणि क्लेम नाकारण्याचा अधिकार तिला नाही. तो निर्णय विमा कंपनीनेच घ्यायचा आणि पॉलिसीतील कोणत्या कलमान्वये घेतला हे लेखी कळवायचे असते. तेव्हा टीपीएच्या फोनवर वेळ घालवू नये. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वरील हिशेब एका पानावर लिहून पाठवावा, सोबत बिलाचे तपशीलवार पान जोडावे आणि पोच घ्यावी. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावरही तीच तक्रार नोंदवता येते.

एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. ठाणे, पालघर आणि रायगड हे जिल्हे व नवी मुंबई यांच्यासाठी लोकपालाचे स्वतंत्र कार्यालय आता ठाणे पश्चिमेतील जीवन चिंतामणी इमारतीत आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणे चालतात आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट त्याला मोकळी राहते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र अर्ज गेला पाहिजे.

जाता जाता, कॅशलेस प्रवेशाच्या वेळी कंपनीने एका तासात आणि घरी सोडण्याच्या वेळी तीन तासांत निर्णय कळवावा, असा २०२४ पासूनचा दंडक आहे. तीन तासांहून अधिक खोळंबा होऊन रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर तो भार कंपनीने सोसायचा आहे. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिसेप्शनसमोर बसून राहणाऱ्यांना हे माहीत नसते.

प्रश्न : माजिवडा येथील आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये जुलैच्या पावसात पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी गाडी सुरू करून पाहिली, ती झाली नाही. गॅरेजने इंजिनाचे १,६५,००० रुपये सांगितले. विमा कंपनीने आसने, गालिचे व वायरिंगचे ३८,००० मान्य केले आणि इंजिनाचा खर्च नाकारला. गाडीला हे पाचवे वर्ष आहे आणि पूर्ण विमा आहे. हा अन्याय नव्हे काय? आणि एवढ्या गाड्या एका रात्रीत बुडाल्या तर कंपनीच बुडत नाही का?

उत्तर : अन्याय वाटणे स्वाभाविक आहे. विमा ‘पूर्ण’ असला तरी तो ठरावीक कारणांनी होणाऱ्या थेट नुकसानीचा असतो. पुराच्या पाण्याने आसने भिजली, हे थेट नुकसान झाले. इंजिनाचे तसे नसते. बंद इंजिनात पाणी गेले तरी ते सहसा उपसून, तेल बदलून वाचवता येते. पण चावी फिरवताच दट्ट्या (पिस्टन) वर येतो आणि सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नसल्यामुळे जोडदांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो किंवा मोडतो. कंपनीच्या वतीने नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या दृष्टीने हे नुकसान पुराने झालेले नसून पुरानंतर गाडी सुरू केल्याने झालेले असते, आणि अशी परिणामजन्य हानी साध्या पॉलिसीत वगळलेली असते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे जोडकलम वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. आपल्या पॉलिसीत ते नाही. सर्व्हेअरचा अहवाल मागून घ्यावा. वाकलेल्या जोडदांड्याचा उल्लेख त्यात नसेल आणि बिघाड निव्वळ पाणी शिरल्यामुळे झालेला दिसत असेल, तर आपल्याला हरकत घेण्यास जागा आहे, अन्यथा नाही. ठाणे-नवी मुंबईत तळघरात गाडी ठेवणाऱ्याने हे जोडकलम घ्यावे, त्याच्याही अटी वाचाव्यात, आणि पाणी चाकांच्या वर आले असेल तर चावीला हात न लावता छायाचित्रे काढून टोइंगची गाडी बोलवावी.

३८,००० रुपयांचा क्लेम घ्यावा की सोडावा, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. चार वर्षे क्लेम नसल्यामुळे आपल्याला सध्या ४५ टक्के नो क्लेम बोनस आहे आणि पुढील वर्षी तो ५० टक्के झाला असता. क्लेम घेतला की तो शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा पायरीपायरीने पुन्हा चढतो. पन्नास टक्क्यांच्या तुलनेत पुढील पाच वर्षांत आपण अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावता. ही बेरीज १२५ टक्के होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० रुपये स्थिर धरला, तर एकूण तोटा १५,००० रुपयांचा आहे. तेव्हा ३८,००० अवश्य घ्यावेत. बंपर खरचटल्याचे सात-आठ हजार असते, तर खिशातून भरा म्हणून सांगितले असते. तृतीय पक्षाचा हप्ता या हिशेबात येत नाही, कारण त्यावर हा बोनस नसतोच.

कंपनी का बुडत नाही, याचे उत्तर पुनर्विमा असे आहे. विमा कंपनी आपल्यावरील जोखमीचा काही भाग दुसऱ्या मोठ्या कंपन्यांकडे, म्हणजे पुनर्विमा कंपन्यांकडे, हप्ता देऊन सोपवते. भारतात सर्वसाधारण विमा कंपन्यांनी प्रत्येक पॉलिसीचा ठरावीक हिस्सा सरकारी जीआयसी री या मुंबईस्थित कंपनीकडे सोपवणे सक्तीचे असून हा हिस्सा २०२२-२३ पासून ४ टक्के आहे. त्याखेरीज जगभरातील पुनर्विमा कंपन्यांशी करार असतात, आणि ‘एका घटनेत अमुक कोटींच्या वर नुकसान गेले तर वरचे तुम्ही द्या’ अशा स्वरूपाचे करार पूर आणि भूकंपासाठीच केलेले असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे कित्येक आठवडे आमच्या विभागातल्या टेबलांवर ओल्या, चिकटलेल्या आरसी बुकांचे गठ्ठे पंख्याखाली वाळत असत. त्या काळात कोणीही कंपनी बुडेल असे म्हणाले नाही. पुढच्या वर्षी पुनर्विम्याचे दर किती वाढतील, याचीच चर्चा असे, आणि तो वाढीव दर शेवटी विमाधारकाच्या हप्त्यातच येऊन बसतो.

प्रश्न : सानपाड्याहून लिहीत आहे. माझ्या ६८ वर्षांच्या सासूबाई मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला बँकेत गेल्या होत्या. घरी टपालाने आली ती विमा पॉलिसी. दरवर्षी दोन लाख, दहा वर्षे. त्या म्हणतात, साहेबांनी ‘जादा व्याजाची ठेव’ असे सांगितले होते. आता काय करावे?

उत्तर : पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडल्यापासून ३० दिवस मोजा आणि आजच विमा कंपनीला लेखी पत्र पाठवा. या मुदतीला ‘फ्री लूक’ म्हणतात. पूर्वी ती छापील पॉलिसीसाठी १५ दिवसांची होती, २०२४ पासून ३० दिवसांची आहे. या काळात कारण न देताही पॉलिसी परत करता येते आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क व वैद्यकीय तपासणीचा खर्च वजा करून बाकी रक्कम परत मिळते. टपालाचा लखोटा फेकू नका, त्यावरील शिक्का हाच पोहोचल्याच्या तारखेचा पुरावा आहे. पत्र बँकेला देऊन थांबू नका, कारण करार विमा कंपनीशी झालेला आहे आणि बँक येथे केवळ कंपनीची एजंट आहे.

बँक असे का करते, तर दीर्घ मुदतीच्या पॉलिसीच्या पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून विक्रेत्याला पुढील वर्षांपेक्षा कितीतरी अधिक कमिशन मिळते, आणि ठेवीवर तसे काही नसते. ज्या माणसाने चाळीस वर्षे त्याच शाखेत पासबुक भरून घेतले, तो काउंटरपलीकडच्या शब्दावर सही करतो. यात दोष सासूबाईंचा नाही. ३० दिवस उलटून गेले असतील तरी फसवून विक्री केल्याची तक्रार कंपनीकडे आणि पुढे वर सांगितलेल्या लोकपालाकडे करता येते. तिथे वयाचा, उत्पन्नाचा आणि दहा वर्षे दोन लाख कोठून आणणार याचा मुद्दा ठळकपणे मांडावा. प्रस्तावअर्जाची प्रत मागवून त्यात उत्पन्न काय लिहिले आहे ते पाहा. माझ्या अनुभवात अशा अर्जांवर निवृत्तिवेतनाच्या तिप्पट उत्पन्न लिहिलेले आढळले आहे, आणि तेच पान तक्रारदाराच्या कामी आले आहे.

प्रश्न : यजमानांची आयुर्विमा पॉलिसी आमच्या लग्नापूर्वीची असून तिच्यावर नॉमिनी म्हणून माझ्या थोरल्या दिरांचे नाव आहे. यजमान म्हणतात, नॉमिनी कोणीही असला तरी पैसे बायकोलाच मिळतात. हे बरोबर आहे का? (कळवा)

उत्तर : त्यांचे म्हणणे कायद्याने बव्हंशी बरोबर आहे, पण व्यवहारात ते आपल्याला फार महाग पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच निकाल दिला होता की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो आणि मालकी वारसांची राहते. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये बदल होऊन आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले असेल तर ती रक्कम त्यांच्याच लाभासाठी मिळते, असे ठरले. भाऊ या यादीत येत नाही. म्हणजे दिरांना धनादेश मिळेल आणि तो वारसांना देण्याची जबाबदारी त्यांच्यावर राहील. त्यांनी दिला तर उत्तम, न दिला तर आपल्याला दिवाणी न्यायालयात जावे लागेल. लग्न झाले म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नाही. यजमानांनी पॉलिसी घेऊन शाखेत जावे, नामनिर्देशन बदलाचा अर्ज भरावा आणि बदलाची नोंद झाल्याची पोच जपून ठेवावी. या कामाला एक सकाळ लागते.

यजमानांचा व्यवसाय असून त्यावर कर्ज असल्याचे आपण लिहिले आहे. नवी पॉलिसी घेणार असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यावी. अशा पॉलिसीची रक्कम पत्नी व मुलांच्या न्यासात जाते आणि धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. मात्र ही निवड प्रस्तावाच्या वेळीच करावी लागते, जुन्या पॉलिसीला ती नंतर चिकटवता येत नाही.

प्रश्न : आरोग्य विमा घेताना मला मधुमेह होता. एजंट म्हणाले, ‘लिहू नका, तीन वर्षांनी काही विचारत नाहीत.’ आता तिसरे वर्ष चालू आहे. (ऐरोली)

उत्तर : एजंटांनी दोन कायद्यांची सरमिसळ केली आहे. तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, हा नियम आयुर्विम्याचा असून तो विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. आरोग्य विम्यात ही मुदत सलग ६० महिन्यांची आहे, आणि त्यानंतरही फसवणूक सिद्ध झाली तर संरक्षण मिळत नाही. अर्ज एजंटांनी भरला असला तरी सही आपली असल्यामुळे त्यातील विधानेही आपलीच ठरतात. मधुमेह आधीच नोंदवला असता तर त्याचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असता आणि तो आता संपत आला असता. आता नूतनीकरणाची वाट न पाहता कंपनीला लेखी कळवावे. ती हप्ता वाढवेल, प्रतीक्षाकाळ लावेल किंवा प्रसंगी पॉलिसी रद्दही करेल, हा धोका आहे. परंतु हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयाच्या जुन्या कागदांतून ही नोंद निघण्यापेक्षा तो परवडतो.

प्रश्न : माझ्या भावाची दोन बँकांत खाती आहेत. मे महिन्यात दोन्ही खात्यांतून ४३६ आणि २० रुपये कापले गेले. म्हणजे दुप्पट विमा झाला का? (दिवा)

उत्तर : नाही. ४३६ रुपये प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचे असून त्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, आणि २० रुपये सुरक्षा योजनेचे असून ती केवळ अपघाताची आहे. दोन्ही योजनांत एका माणसाला एकाच खात्यातून संरक्षण मिळते. दुसऱ्या खात्यातून कापलेल्या हप्त्यावर वेगळा क्लेम होत नाही आणि ते पैसे वाया जातात. विमावर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत असते, तेव्हा भावाने एका बँकेत आताच अर्ज देऊन स्वयंचलित कपात थांबवावी. जे खाते चालू ठेवायचे त्यात मे महिन्याच्या शेवटी पुरेशी शिल्लक राहील असे पाहावे, आणि त्या पासबुकातील ही नोंद वहिनींना दाखवून ठेवावी, कारण क्लेमचा अर्ज नॉमिनीने त्याच बँकेत द्यायचा असतो.